बचावपटू पिकायला वेळ लागतो

१२ एप्रिल २०१९, शुक्रवार. अमेरिकेतल्या बफेलो शहरात केल मकार नावाच्या वीस वर्षांच्या मुलाला होबी बेकर पुरस्कार मिळाला. कॉलेज आइस हॉकीतल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूला हा मान देतात. शनिवारी त्याच शहरात त्याचा संघ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा-डुलुथकडून ०-३ असा हरला. रविवारी त्याने कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या व्यावसायिक संघाशी करार केला. सोमवारी रात्री तो डेन्व्हरमध्ये एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात उतरला. समोर कॅलगरी, म्हणजे त्याच्याच गावचा संघ. पहिल्याच सत्रात त्याने गोल केला. कारकिर्दीतला पहिलाच सामना प्लेऑफचा आणि त्यातच गोल, हे त्याआधी एकाही बचावपटूला जमलं नव्हतं.

असले चार दिवस वर्तमानपत्रांना फार आवडतात. पोरगा आला, पोराने मैदान मारलं, संपली बातमी. पुढचं सगळं त्या बातमीला साजेसंच घडलं. २०२० मध्ये सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. २०२२ मध्ये एनएचएलच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली कप, त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी. या दोन ट्रॉफ्या एकाच हंगामात मिळवणारे त्याच्याआधी दोघेच होते, बॉबी ऑर आणि निकलास लिडस्ट्रॉम. २०२४-२५ च्या हंगामात मकारने तीस गोल केले आणि दुसऱ्यांदा नॉरिस जिंकली. पण या मुलाच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्या चार दिवसांत झालेला नाही. तो आधीच झाला होता, आणि तो होता थांबण्याचा.

कॅनडातला हुशार हॉकीपटू सोळाव्या वर्षी सहसा ‘मेजर ज्युनियर’ लीगमध्ये जातो. अशा तीन लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल होते. हंगामात साधारण ६८ सामने, लांबलांबचे बसप्रवास, हातखर्चाला थोडे पैसे. मेडिसिन हॅट या संघाने मकारला निवडूनही ठेवलं होतं. पण अमेरिकी कॉलेज क्रीडा चालवणारी एनसीएए ही संस्था सीएचएलच्या खेळाडूंना व्यावसायिक मानत असे. तिथे एकदा पाऊल टाकलं की कॉलेजचं दार बंद. मकार गेला नाही. अल्बर्टातल्या ब्रूक्स या लहान गावात खालच्या दर्जाच्या लीगमध्ये दोन वर्षं खेळला आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला त्याने शब्द देऊन ठेवला. मधल्या काळात विद्यापीठाने कोच बदलला. नवा कोच ग्रेग कार्व्हेल आला आणि २०१६-१७ च्या पहिल्या हंगामात संघाने जिंकले ५, हरले २९, बरोबरीत सोडवले २. असल्या संघाला दिलेला शब्द मोडला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. जून २०१७ मध्ये, एनएचएलचे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये तर कोलोरॅडोने मकारला चौथ्या क्रमांकावर उचललं. सप्टेंबरात तो पाच सामने जिंकलेल्या त्या संघात, विद्यापीठाच्या गावी अ‍ॅमहर्स्टला दाखल झाला.

पहिल्या वर्षी ३४ सामन्यांत ५ गोल आणि १६ असिस्ट, म्हणजे गोलला हातभार लावणारे पास. चांगले, पण डोळे दिपवणारे नव्हेत. त्या हिवाळ्यात कॅनडाने त्याला प्याँगचँग ऑलिंपिकच्या संघासाठी विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं. वर्ष संपल्यावर व्यावसायिक होण्याची वाट मोकळी होती, तरी तो आणखी एक वर्ष कॉलेजात राहिला. दुसऱ्या वर्षी ४१ सामन्यांत १६ गोल, ३३ असिस्ट. संघाने ३१ सामने जिंकले. बारा महिन्यांत दुपटीहून जास्त फरक पडला तो नुसत्या प्रतिभेमुळे नव्हे. प्रतिभा पहिल्या वर्षीही तेवढीच होती.

बचावपटूच्या बाबतीत हे असं का होतं, ते समजायला तो नेमकं काय करतो हे पाहावं लागतं.

एनएचएलचं बर्फाचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. एका वेळी प्रत्येक संघाचे सहाजण उतरतात: गोलरक्षक, तीन आघाडीवीर आणि दोन बचावपटू. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबरी चकती, म्हणजे पक. समोरून आघाडीवीर भरधाव येतो तेव्हा बचावपटू त्याच्याकडे तोंड करून मागे सरकत असतो. जवळजवळ त्याच्याच वेगाने, पण उलटा. दोघांतलं अंतर किती ठेवायचं हा या कामाचा गाभा. जास्त ठेवलं तर तो नेम धरून फटका मारतो, कमी ठेवलं तर बगल देऊन निघून जातो. स्टिक पुढे टाकून पक काढायचा मोह प्रत्येक सेकंदाला होतो आणि बहुतेक वेळा तो आवरायचा असतो. मग एका क्षणी कमरेतून वळून उलट्याचं सुलट व्हायचं, समोरच्याला कडेच्या फळीकडे ढकलत न्यायचं, अंगावर घ्यायचं.

पक हाती आल्यावर खरी अडचण सुरू होते. आपल्याच गोलच्या मागे कोपऱ्यात, पाठ मैदानाकडे, आणि पाठीवर धावून येणारे दोन प्रतिस्पर्धी. मान वळवून पाहायला अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात ठरवायचं: जोडीदाराला द्यायचा, मधल्या आघाडीवीराला द्यायचा, की फळीवर आपटून बाहेर काढायचा. हा पहिला पास सरळ गेला तर प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. चुकला तर पुढच्या तीन सेकंदांत गोल. आघाडीवीराचा फटका हुकला की लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि विसरतात. बचावपटूची चूक गुणफलकावर लागते आणि कॅमेरा ती चार कोनांतून परत दाखवतो.

वेग आणि हात अठराव्या वर्षी दिसतात. हे भान दिसत नाही, कारण तोवर ते आलेलंच नसतं. ते सामने खेळून, चुकून, त्या चुकांच्या चित्रफिती पाहून येतं. दोन-तीनशे व्यावसायिक सामने झाल्याशिवाय बचावपटूबद्दल मत बनवू नये असं एनएचएलमधली जुनी माणसं म्हणतात. क्लब मात्र ड्राफ्टमध्ये अठराव्या वर्षीच मत बनवतात. बनवावंच लागतं, तसा नियम आहे. या दोन गोष्टींमधलं अंतर भरून काढायची सगळ्यांत चांगली जागा म्हणून अमेरिकी कॉलेज हॉकी उभी राहिली.

ठरवून कुणी ती तशी बांधलेली नाही. आठवडाभर वर्ग असतात म्हणून सामने बहुतेक शुक्रवारी-शनिवारी होतात. हंगामात साधारण चाळीस सामने, एनएचएलच्या ८२ च्या निम्मे. उरलेल्या दिवसांत सराव, व्यायामशाळा आणि अभ्यास. सीएचएलमधला सतरा वर्षांचा मुलगा बसमध्ये झोपतो. कॉलेजातला वीस वर्षांचा मुलगा सोमवारी वजनं उचलतो, मंगळवारी कोचबरोबर बसून शनिवारची चूक पाहतो. चेहऱ्यावर पूर्ण जाळी सक्तीची असते. मारामारी केली की सामन्याबाहेर, आणि पुढच्या सामन्यालाही बाहेर. शिवाय बहुतेक मुलं ज्युनियर लीगमध्ये एक-दोन वर्षं खेळून येतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलासमोर चोवीस वर्षांचा गडीही येतो. एनएचएलमधले साधारण एक तृतीयांश खेळाडू आज या वाटेने येतात.

या वाटेची किंमत सांगायला मकारचं उदाहरण खरं म्हणजे कमी पडतं. चौथ्या क्रमांकावर निवडलेला मुलगा कुठूनही आला असता. ब्रायन राफाल्स्की आला नसता.

मिशिगनच्या डियरबॉर्नमध्ये १९७३ साली जन्मलेला राफाल्स्की जेमतेम पाच फूट दहा इंचांचा. नव्वदच्या दशकात एनएचएलला सव्वासहा फुटी आडदांड बचावपटू हवे असत. त्यामुळे त्याला एकाही क्लबने ड्राफ्टमध्ये निवडलं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो १९९५ पर्यंत पूर्ण चार वर्षं खेळला. त्यानंतरही कुणी बोलावलं नाही. मग तो स्वीडनला गेला, तिथून फिनलंडला. तिथल्या मोठ्या रिंकवर स्केटिंग आणि पासिंगला मोल होतं. १९९९ मध्ये फिनलंडच्या लीगने त्याला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. तोवर हा मान एकाही परदेशी खेळाडूला मिळाला नव्हता. त्या उन्हाळ्यात न्यू जर्सी डेव्हिल्सने त्याला करारबद्ध केलं. एनएचएलमध्ये पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्याला सव्विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. त्याच हंगामाच्या शेवटी स्टॅन्ली कप. २००३ मध्ये दुसरा, २००८ मध्ये डेट्रॉइटकडून तिसरा. व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने रौप्यपदक जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला छत्तीस वर्षांचा राफाल्स्की. ज्या वयात क्लबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या वयात त्याला रोज खेळायला मिळालं ते एका विद्यापीठामुळे.

मॅट गिलरॉयची गोष्ट याहून पुढची आहे. तो आघाडीवीर होता आणि शिष्यवृत्तीशिवाय बॉस्टन विद्यापीठात आला. कोच जॅक पार्करने सांगितलं, बचावात खेळणार असशील तर जागा आहे. कॉलेजात येऊन जागा बदलायची, तीही या खेळातल्या सर्वांत अवघड जागी. चौथ्या वर्षी, २००९ मध्ये, गिलरॉय होबी बेकर पुरस्कार घेऊन उभा होता आणि त्याच आठवड्यात संघ अजिंक्य झाला. मायामी विद्यापीठाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात बॉस्टन १-३ ने मागे होतं, शेवटच्या मिनिटात दोन गोल झाले, आणि जादा वेळेतला विजयी गोल मारला तो कोल्बी कोहेन या दुसऱ्या बचावपटूने. गिलरॉय पुढे एनएचएलमध्ये दोनशेहून थोडे जास्त सामने खेळला. दंतकथा झाला नाही. पण शिष्यवृत्तीशिवाय दार ठोठावणाऱ्या मुलासाठी दोनशे सामने ही थट्टा नाही.

हा सगळा गुळगुळीत रस्ता आहे असं मात्र कुणी समजू नये. विल बुचर २०१७ चा होबी बेकर विजेता, डेन्व्हर विद्यापीठाच्या अजिंक्य संघाचा बचावपटू. कोलोरॅडोने त्याला २०१३ मध्ये १२३ व्या क्रमांकावर निवडलं होतं. कॉलेजची चार वर्षं संपेपर्यंत क्लबने करार केला नाही, तर तेव्हाच्या नियमानुसार १५ ऑगस्टनंतर खेळाडू मोकळा होत असे. बुचर मोकळा झाला आणि न्यू जर्सीला गेला. पहिल्याच हंगामात ४४ गुण, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून. नंतर आलेख खाली आला आणि पाच वर्षांत तो एनएचएलबाहेर पडला. उलट डंकन कीथ मिशिगन स्टेट विद्यापीठ दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडून मेजर ज्युनियरमध्ये गेला, आणि शिकागोसाठी तीन स्टॅन्ली कप आणि दोन नॉरिस ट्रॉफ्या जिंकून बसला. कॉलेज हा रामबाण उपाय नाही. कीथला घाई मानवली. सगळ्यांना मानवत नाही, एवढाच मुद्दा.

मकारच्याच संघातला मार्क डेल गायझो घ्या. २०१९ च्या उपांत्य सामन्यात डेन्व्हरविरुद्ध जादा वेळेतला विजयी गोल पहिल्या वर्षाच्या या बचावपटूचा. त्याच उन्हाळ्यात नॅशव्हिलने त्याला चौथ्या फेरीत निवडलं. तो घाईने निघाला नाही. २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सेंट क्लाउड स्टेटला ५-० असं हरवून आपलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा तो संघात होता. मग मिलवॉकीला दुय्यम लीगमध्ये खस्ता खाल्ल्या. एनएचएलचा पहिला सामना मिळाला २०२३-२४ च्या हंगामात, वयाच्या चोविसाव्या वर्षी. एका दिवसाआड मकार एनएचएलमध्ये उतरला आणि डेल गायझो साडेचार वर्षांनी. बातमी मकारची झाली. पण कॉलेजातल्या बहुतेक बचावपटूंचं आयुष्य डेल गायझोच्या वेळापत्रकाने चालतं, तेही नशिबाने साथ दिली तर.

साथ न दिली तर? एरवी हौसेने बोलणारी क्रीडा मंडळी या प्रश्नापाशी गप्प होतात. बहुतेकांना एनएचएल मिळत नाही. काही दुय्यम लीगमध्ये, काही युरोपात चार-दोन वर्षं काढतात आणि मग नोकरी शोधतात. अशा वेळी हाती पदवी असणं म्हणजे काय, याची साक्ष १९८० च्या ऑलिंपिक संघातली माणसं देतात. सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकणारा तो अमेरिकी संघ जवळजवळ पूर्ण कॉलेजांतून आला होता. त्यातला बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा बचावपटू केन मॉरो त्याच वर्षी स्टॅन्ली कपही जिंकला, आणि पुढची तीन वर्षं सलग जिंकत राहिला. त्याचा सहकारी, बॉस्टन विद्यापीठाचा जॅक ओकॅलाहन, एनएचएलमध्ये काही हंगाम खेळला आणि नंतर शिकागोत वित्त व्यवसायात रमला. कॉलेज हॉकीने या दोघांनाही वाऱ्यावर सोडलं नाही.

बायकांच्या हॉकीत तर कॉलेज हीच बराच काळ शेवटची पायरी होती. पुढे हार्वर्डकडून खेळलेली बचावपटू अँजेला रुजिएरो १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकली. महिलांची आइस हॉकी तिथेच पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली होती. २००४ मध्ये तिला कॉलेजमधल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पॅटी कॅझमायर पुरस्कार मिळाला. पण पदवीनंतर जायचं कुठे? पोट भरेल अशी लीगच नव्हती. जानेवारी २००५ मध्ये ती ओक्लाहोमातल्या टल्साच्या पुरुषांच्या संघातून एक सामना भावासोबत खेळली आणि एक असिस्ट मिळवला. ती बातमी लोकांनी गंमत म्हणून वाचली. त्या काळातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एकीला पगारी सामना मिळावा म्हणून असली गंमत करावी लागली, ही त्यातली खरी बातमी होती. नीट पगार देणारी पीडब्ल्यूएचएल ही महिलांची लीग सुरू झाली १ जानेवारी २०२४ ला. आता बॉस्टन कॉलेज किंवा विस्कॉन्सिनमधून बाहेर पडणाऱ्या मुलीला पुढचं दार आहे.

आणि नेमक्या याच सुमारास पुरुषांच्या कॉलेज हॉकीत घाई शिरली आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने सीएचएलच्या खेळाडूंवरची जुनी बंदी उठवली. १ ऑगस्ट २०२५ पासून ते कॉलेजात खेळू शकतात. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. विद्यापीठं आता आपल्या कमाईतला वाटा खेळाडूंना थेट देऊ शकतात, पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना हॉकी संघात सव्वीसच खेळाडू ठेवता येतात. पूर्वी अठरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. आता सव्वीसच्या सव्वीस जणांना शिष्यवृत्ती देता येते.

यातलं पैशाचं कलम योग्यच आहे. विद्यापीठांनी तिकिटं विकली, टीव्हीचे हक्क विकले, संघाच्या जर्सी विकल्या आणि मुलांना ‘हौशी’ म्हणवून घेतलं. या ढोंगाला केव्हातरी तडा जायला हवाच होता. बंदी उठवणंही न्याय्य आहे. सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने मुलाची कॉलेजची वाट कायमची बंद व्हावी, हा नियम क्रूर होता. मकारने ब्रूक्सला दोन वर्षं काढली ती त्याच नियमाच्या धाकाने. आज तो पंधरा-सोळा वर्षांचा असता तर मेडिसिन हॅटला खेळून अ‍ॅमहर्स्टला जाऊ शकला असता. त्याचं काहीच बिघडलं नसतं.

बिघडणार आहे ते गिलरॉयसारख्यांचं. कोचसमोर दोन बचावपटू आहेत असं धरू. एक सीएचएलमध्ये दोनशे सामने खेळून आलेला वीस वर्षांचा तयार गडी. दुसरा अठरा वर्षांचा, उंच, अवघडलेला, अजून मागे सरकताना पाय अडकवणारा. जागा सव्वीस, वर्षाला पैसे मोजायचे, आणि निकाल यंदा हवा. कोणता कोच दुसऱ्याला घेईल? घेतला तरी तो एक वर्ष बाकावर बसवला जाईल आणि वर्षअखेरीस दुसरा संघ शोधायला सांगितला जाईल. खेळाडूंना विद्यापीठ बदलायची मोकळीक आहे, तशी खेळाडू बदलायची मोकळीक कोचही आता सर्रास घेतात. आघाडीवीराचं यात कमी नुकसान होतं. त्याचा खेळ लवकर दिसतो. बचावपटूचा दिसायला जी दोन-तीन वर्षं लागतात तीच कापली जात आहेत. गंमत म्हणजे यात तोटा एनएचएलच्याच क्लबांचा. उशिरा उमलणारा बचावपटू त्यांना आजवर विद्यापीठाच्या खर्चाने तयार मिळत होता.

आइस हॉकी महाराष्ट्रात फारसं कुणी खेळत नाही, पण ही घाई इथल्या वाचकाला अनोळखी नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकणारे सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडक खेळत कसोटी संघाच्या दारात पोहोचले. तेव्हा आंतरविद्यापीठ क्रिकेट ही कसोटीच्या वाटेवरची खरी पायरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या लिलावात बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने एक कोटी दहा लाखांना घेतलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने ३५ चेंडूंत शतकही ठोकलं, त्यामुळे निवड चुकली असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. पण तेराव्या वर्षी न दिसणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न त्या शतकाने सुटत नाही. आणि विद्यापीठाचा क्रिकेट संघ आज कुणी बातमीसाठीही पाहत नाही.

अमेरिकी कॉलेज हॉकीची तशी अवस्था अजून झालेली नाही. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची विद्यापीठं या तडजोडीपासून दूर राहिली. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती आधीही नव्हती. हार्वर्डनेच अ‍ॅडम फॉक्स दिला: तिसऱ्या फेरीत निवडलेला, साधारण उंचीचा, तीन वर्षं कॉलेजात राहिलेला, मधल्या काळात ज्याचे हक्क कॅलगरीकडून कॅरोलायनाकडे आणि तिथून न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेले असा बचावपटू. व्यावसायिक झाल्यावर दुसऱ्याच हंगामात, २०२१ मध्ये, त्याने नॉरिस ट्रॉफी जिंकली. अर्थात अख्ख्या देशातल्या उशिरा पिकणाऱ्या मुलांचा भार एकटी आयव्ही लीग उचलू शकणार नाही.

करायचं ठरवलं तर फार अवघड काही नाही. एकदा दिलेली शिष्यवृत्ती, मुलगा संघात राहो न राहो, पदवी मिळेपर्यंत चालू ठेवायची. सव्वीसच्या मर्यादेबाहेर दोन-तीन जागा शिष्यवृत्तीशिवाय येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवायच्या. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला कोचने मनाविरुद्ध बाहेर काढलं, तर ती जागा त्या हंगामापुरती भरू द्यायची नाही. कोच कुरकुर करतील. पण तडजोडीतच एक पायंडा पडलेला आहे: मर्यादा आली म्हणून ज्यांची जागा गेली किंवा गेली असती, अशा २०२४-२५ च्या खेळाडूंना विद्यापीठं मर्यादेबाहेर ठेवू शकतात. म्हणजे मर्यादा वाकवता येते हे मान्य झालेलंच आहे. ती मुलं तीन-चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतील आणि त्यांच्याबरोबर ही सूटही संपेल. त्याआधी तिचा कायमचा नियम करून घेणं एनसीएएच्या हातात आहे.